हिब्रू नावांची पितळी पाटी केली, रावपुऱ्यातल्या दुकानाबद्दल

बडोद्यात कारेलीबागच्या नव्या फ्लॅटला दारावर पाटी हवी होती, वर मराठी आणि खाली हिब्रू. आम्ही बेने इस्राएल म्हणजे इकडचे मराठी ज्यू, घरात बोलणं सगळं मराठीच पण नावं तनाखमधली, म्हणजे आमच्या हिब्रू धर्मग्रंथातली, सासरे एलियाहू, सासूबाई हन्ना, मिस्टर शमुवेल. आधी दुसरीकडे काम दिलं होतं, हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यांच्या डिझाईनमध्ये अक्षरं डावीकडून लावलेली म्हणजे नावं पूर्ण उलटी, सांगितलं तर म्हणे इथे कोण वाचणार आहे. फार वाईट वाटलं. अहो या नावांत देव आहे! शमुवेलमधला एल म्हणजे देव, आणि एलियाहू म्हणजे 'माझा देव याहू'. देवाचं चार अक्षरी नाव आम्ही तोंडाने घेत नाही, पण त्याचा 'याहू' हा तुकडा माणसाला हाक मारताना रोज घेतला जातो.

रावपुऱ्यातल्या काकांनी मात्र बसवून सगळं विचारून घेतलं. एलियाहूतलं 'हे' आणि हन्नातलं पहिलं 'खेत' ही अक्षरं जवळजवळ सारखी दिसतात, फरक फक्त 'हे'मध्ये डाव्या पायाच्या वर एक बारीक फट असते तेवढाच, ती कोरताना बुजली की देवाचं नावच मोडलं. काकांनी टाईप करायच्या भानगडीत न पडता मी दिलेल्या कागदावरून अक्षरं ट्रेस केली आणि फट जरा रुंद ठेवली, एकदम बराबर काम.

नावांचे अर्थ पण त्यांनी विचारले. मग मी हन्नाची गोष्ट सांगितली, मूल नव्हतं म्हणून शिलोला जाऊन रडत प्रार्थना करत होती, नुसते ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं ही दारू प्यायलीय. पुढे मुलगा झाला, देवाकडे मागितला म्हणून त्याचं नाव शमुवेल. आमची अमीदा ही उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना आजही तशीच हळू म्हणतात, आणि रोश हाशानाच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, पहिल्या दिवशी हीच गोष्ट वाचतात. सासूबाईंचं नाव हन्ना, त्यामुळे आठव्या दिवशी सुंतेला एलियाहूची खुर्ची मांडून मुलाचं नाव ठेवताना दुसरं काही सुचलंच नाही त्यांना. जुन्या पिढीत याच नावाचं सामाजी व्हायचं, मुंबईत १७९६ साली सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेलच.

मेझुझा, म्हणजे धर्मवचनं लिहिलेल्या गुंडाळीची डबी, आत शिरताना उजव्या चौकटीला असतो म्हणून पाटी डावीकडे लावायची होती, भोकं पण त्या हिशोबाने पाडून दिली. पॉलिश छान, स्क्रू पितळेचेच.

अॅक्रेलिकपेक्षा महाग पडतं आणि सांगितलेल्या तारखेपेक्षा उशीर झाला, पार्किंगचं तर नावच काढू नका. हिब्रू, उर्दू काहीही करून घ्यायचं असेल तर अक्षरं वाचणाऱ्या माणसाकडून मोठ्या कागदावर लिहून न्या, आणि कोरायच्या आधी प्रूफ व्हॉट्सअपवर मागवून त्यालाच दाखवा, काका न कंटाळता परत पाठवतात.