'सांगू नका, दाखवा': आठ महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच, आणि बहुतेक वेळा एवढ्या तीन शब्दांतच मिळतो, म्हणजे नेमकं करायचं काय ते कोणी बसून समजावत नाही. मी आठ महिने रोज वापरून बघितलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात अशी झाली की गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, 32 वर्षं सर्व्हिस, रिटायर झाल्यावर घरात त्यांचं जे काय झालं ते मी अगदी जवळून बघितलंय आणि त्यावरच ती कथा होती. साभार परत आली. खाली संपादकांनी पेनाने एक ओळ लिहिली होती, "सगळं तुम्हीच सांगून टाकलंत, वाचकासाठी काही ठेवलं नाहीत." दोन दिवस फार लागलं ते. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर कथेची फाईल उघडली आणि सर्चमध्ये 'वाटल' एवढीच अक्षरं टाकली. 2,300 शब्दांच्या कथेत 41 वेळा. वाईट वाटलं, एकटं वाटलं, परकं वाटलं, भरून आल्यासारखं वाटलं. तुमच्याकडे एखादी जुनी कथा असेल तर आधी हेच करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि लगेच कळतं आपण कुठे आहोत ते.

मग एक 200 पानी वही आणली. रोज सकाळी 20 मिनिटं, काल बघितलेला कुठलाही एक माणूस, दहा ओळी, आणि भावनेचं नाव घ्यायचं नाही. राग, दुःख, लाज, भीती सगळे शब्द बंद, 'रागाने', 'हताशपणे' हेसुद्धा बंद. बास, एवढीच पद्धत.

पहिले दोन-अडीच महिने मी एक चूक केली आणि ती बहुतेक सगळेच करतात असं माझं मत आहे. भावनेचं नाव काढलं आणि त्या जागी शरीर आणून ठेवलं. म्हणजे 'तो चिडला' च्या ऐवजी त्याने मुठी आवळल्या, 'ती दुःखी होती' च्या ऐवजी ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, ओठ थरथरले, घशात आवंढा आला, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. कथा दीडपट लांबली आणि सगळी माणसं सारखीच दिसायला लागली, कारण मुठी कोणीही आवळतो, तो कंडक्टर असो की कलेक्टर. माझ्या मैत्रिणीने वाचून विचारलं, या माणसाला राग आलाय की भीती वाटतेय, आणि ते मला लिहिलेल्यावरून दाखवता येईना.

त्याच सुमारास शेजारच्या बाईंशी बोलणं झालं, त्या कॉलेजात संस्कृत शिकवायच्या. मी म्हटलं हा सल्ला आपल्याकडे इंग्रजीतून आलेला आहे, मूळ रशियन लेखक चेखवने 1886 मध्ये भावाला पत्र लिहिलं होतं त्यात आहे, की चांदणी रात्र लिहायची तर बंधाऱ्यावर फुटक्या बाटलीची काच चमकली आणि कुत्र्याची काळी सावली गेली एवढं लिही, रात्र आपोआप उभी राहते. बाई म्हणाल्या, अगं आपल्याकडे याला दोष म्हणून नावच आहे. मम्मटाचा काव्यप्रकाश, काव्यशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ, 11वं शतक, सातवा उल्लास म्हणजे सातवं प्रकरण. रस किंवा भाव त्याचं नाव घेऊन सांगितला तर तो रसदोष, स्वशब्दवाच्यता. शृंगार म्हटल्याने शृंगार होत नाही, करुण म्हटल्याने करुण होत नाही. त्याच्याही आधी भरताच्या नाट्यशास्त्रात विभाव आणि अनुभाव वेगळे सांगितलेत, विभाव म्हणजे ज्याच्यामुळे भाव जागा होतो ते, अनुभाव म्हणजे भाव झाल्यावर माणसात दिसतं ते. मी तिथेच वही उघडून बघितली. माझ्या पानांवर नुसते अनुभाव होते, घाम, कंप, अश्रू. विभाव कुठेच नव्हता. कशामुळे, कुठल्या वस्तूपाशी, कोणासमोर, ते काहीच नाही. खरं सांगते, मला या आठ महिन्यांतलं सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं वाक्य कुठलं असेल तर हेच.

त्यानंतर बाबांकडे परत बघायला लागले. मूळ कथेत मी लिहिलं होतं, 'निवृत्तीनंतर बाबा आतून एकटे पडले होते, त्यांना एसटीची सतत आठवण येई.' आता काय दिसलं ते सांगते. आई त्यांना भाजीला पैसे देते. परत आल्यावर उरलेल्या नोटा ते उभ्या घडी घालून डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात धरून आणतात, दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या. एकदा आईचे 13 रुपये द्यायचे राहिले, सुट्टे नव्हते. त्यांनी खिशातून भाजीवाल्याची चिठ्ठी काढली, उलटी केली, मागे 13 लिहिलं, त्याला गोल केला आणि आईच्या हातात दिली. एसटीने फिरलेल्या माणसाला हे सांगायलाच नको, तिकिटाच्या मागे बाकी लिहून मिळते ती अशीच. आईने ती चिठ्ठी डब्यात ठेवली आणि रात्री जेवताना मागितले 13 रुपये, त्यांनी उठून शर्टाच्या खिशातून काढून दिले आणि चिठ्ठी परत घेऊन फाडली. मी हे जसंच्या तसं लिहिलं, सहा ओळी. 'एकटे' हा शब्द कुठे टाकायची गरजच पडली नाही, आणि आई त्यांच्याशी कशी वागते तेही त्यात आलं जे मी आधी एक पूर्ण परिच्छेद खर्च करून सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या भाषेत दाखवायची जी सोय आहे ती मी कधी वापरलीच नव्हती. तू, तुम्ही, अहो, अरे. एका कथेत जमिनीच्या वाटणीनंतर दोन भावांत दुरावा आला असं लिहिलं होतं. आता तिथे धाकटा दीर दारात येतो आणि जी वहिनी आधी "आलास? हात धू आधी" म्हणायची ती म्हणते, "या भाऊजी, बसा. चहा घेणार का?" ज्या घरात तो स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने चहा ओतून घ्यायचा तिथे त्याला 'घेणार का' विचारलं. मराठी वाचक तिथे थांबतोच. असं 'च' आणि 'ही' नेसुद्धा होतं, "तूही ये" आणि "तूच ये" यात किती अंतर आहे बघा.

आता जिथे हा सल्ला चालत नाही ते. मधली वर्षं, कोण कुणाचा कोण, घर कुठे आहे हे सरळ सांगावं, ते दाखवत बसलं की कथा पुढेच सरकत नाही. आजीच्या व्रताच्या कहाण्या पूर्ण सांगितलेल्याच असतात, आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, आणि तरी आपण कान देऊन ऐकतो. भाव सांगायलासुद्धा सरसकट बंदी नाही. बाईंनी नंतर दाखवलं, मम्मट स्वतःच पुढे म्हणतो की संचारी भाव, म्हणजे येऊन जाणारा तात्पुरता भाव, क्वचित नावाने सांगितला तरी दोष नाही, कारण काही वेळा नुसत्या बाहेरच्या खुणांवरून तो कुठला भाव आहे ते कळतच नाही. मैत्रिणीला जे कळलं नव्हतं ते हेच. तिथे मी आता 'तो घाबरला' असं दोन शब्दांत लिहून टाकते आणि पुढे जाते.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो वेळेसाठी, पहिले तीन महिने हाताला काही लागत नाही आणि त्यात सोडून द्यावंसं वाटतं, आणि शिवाय वाचताना फार खटकायला लागतं, पूर्वी आवडलेल्या कितीतरी कथा आता वाचवत नाहीत. पण वही सोडू नका, चौथ्या महिन्यापर्यंत तरी धरून ठेवा.

कथा नव्याने लिहून झाली, 1,700 शब्द, 'वाटल' तीन वेळा. पाठवायच्या आधी प्रिंट काढून बाबांना दिली. त्यांनी दुपारी वाचायला घेतली, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला माझ्याकडे आले आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "गाडी सोडायला डबल बेल. सिंगल मारली की ड्रायव्हर थांबवतो. तू उलटं लिहिलंयस." पेन मागून घेतलं आणि स्वतःच खोडून नीट केलं.