दोन खोल्या, तीन निळे ड्रम: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे पाणी सकाळी साडेपाचला येतं आणि पावणेसातला जातं. कल्याण पूर्वेला बैठ्या चाळीतली दोन खोल्यांची जागा, पुढे पत्र्याची पडवी, आत मोरी. माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई आणि दुसरीत जाणारा मुलगा. शिवाय मी घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, म्हणून गव्हाची पोती आली, पिठाचे डबे आले, भांड्यांना जास्तीचं पाणी आलं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. चौघांचे ५४० झाले आणि मोरीतलं पिंप होतं १०० लिटरचं. गेल्या मे महिन्यात आम्ही २०० लिटरचे तीन निळे ड्रम आणले, एक जुना आणि दोन नवे. जुना ८०० रुपयांना पडला, नवे प्रत्येकी २२०० च्या आसपास. आता परत उन्हाळा आलाय आणि तिघांचंही पुरतं वर्ष डोळ्यांसमोर आहे, म्हणून लिहिते.

आधी जुन्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त शिकवलं त्यानेच. भंगारवाल्याकडे हे ड्रम ओळीने उभे असतात आणि सगळे सारखेच दिसतात. मी वास घेतला, थोडा साबणासारखा आला, वाटलं धुतला की जाईल. घरी आणून उलटा केला तेव्हा तळाशी फाटक्या लेबलावर अ‍ॅसिड स्लरी असं वाचता आलं. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड करणारे कारखाने ही काळपट, दाट स्लरी वापरतात आणि ती अशाच ड्रमांतून येते. आठ वेळा धुतला तरी पाणी ओतलं की फेस यायचा. बाहेरचा चिकटपणा जातो, पण आतल्या प्लॅस्टिकमध्ये मुरलेला वास काही जात नाही, आणि वास आहे म्हणजे पदार्थही थोडा आहेच. त्या दिवशी आमच्यात ठरलं की हा ड्रम फक्त संडास आणि पडवी धुण्याच्या पाण्याला. त्यावर लाल रंगाचा जाड पट्टा मारला, म्हणजे घरात पाहुणा आला तरी त्यातलं पाणी तांब्यात घेणार नाही. माझं स्पष्ट मत आहे: पोटात जाणाऱ्या कशासाठीही जुना ड्रम घेऊ नका. विकणारा ‘तेलाचा होता, सरबताचा होता’ असं सांगेल. लेबल शाबूत असेल तर आणि तरच विश्वास ठेवा. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा ड्रम तर फुकट मिळाला तरी घरात आणू नका, संडासाच्या पाण्यालाही नको.

या जुन्याला नळ बसवण्यात आमचे दोन रविवार गेले. तो अरुंद तोंडाचा होता, वर फक्त दोन बुचं. बाहेरून भोक पाडता येतं, पण टँक निप्पलची, म्हणजे भोकात बसवून नळ जोडायच्या आट्यांच्या तुकड्याची, चकती आतून आवळायला हात जाणार कुठून? शेवटी प्लंबरदादांनी वरचा पत्रा, म्हणजे प्लॅस्टिकचंच झाकण, गोल कापून काढलं. कापताना कडेला दोन इंचांची पट्टी ठेवायला त्यांनी सांगितलं ते फार मोलाचं. ती पट्टी नसती तर भरल्यावर ड्रमने आकार सोडला असता. मग भोक, निप्पल, टेफ्लॉन टेप, अर्ध्या इंचाचा व्हॉल्व्ह. तरी पाझर लागलाच. नवऱ्याने दोन पुड्या एकत्र मळून लावायची पुटी आणून चारी बाजूंनी थापली. सकाळी ती कडक वडीसारखी अख्खी सुटून हातात आली. हे प्लॅस्टिक एचडीपीई, म्हणजे जाड कडक पॉलिथिन असतं आणि त्याला नेहमीची पुटी, नेहमीचा गोंद धरत नाही. पाझर थांबतो तो वॉशरनेच. ड्रमची बाजू गोल असल्याने पातळ सपाट वॉशर तिथे बसत नाही, म्हणून टायरच्या जुन्या ट्यूबचे जाड गोल कापून आतून एक, बाहेरून एक असे घातले. तेव्हापासून थेंब नाही.

नळ किती उंचीवर बसवायचा, याचा विचार भोक पाडायच्या आधी करा. आमचा तळापासून चार इंचांवर आहे. ड्रमचा व्यास पावणेदोन फुटांपेक्षा थोडा जास्त, त्यामुळे दर इंचाला साधारण साडेसहा लिटर पाणी धरा. म्हणजे नळाखाली पंचवीसेक लिटर कायम उरतं. ते मला हवंच होतं, कारण पावसाच्या पाण्याबरोबर पत्र्यावरून आलेली धूळ आणि पानांचा गाळ तिथे बसतो, नळातून येत नाही. आठवड्याला तेवढं पाणी मगने काढून पडवी धुवायची. बादली नळाखाली जावी म्हणून ड्रम उंचावर लागतो, आणि इथे आम्ही चुकलो. विटांचे चार थर रचून वर ड्रम ठेवला. जुलैत माती भिजली, एका बाजूच्या विटा खचल्या आणि ड्रम कलला. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन. मुलगा त्याच पडवीत खेळतो. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्याच दिवशी जमीन ठोकून सिमेंटचे ब्लॉक आणि वर कडप्प्याची लादी असा ओटा केला. भरलेला ड्रम लाकडी माळ्यावर, टेबलावर किंवा गॅलरीच्या पुढे आलेल्या कडेवर ठेवायचा कुणाचा विचार असेल तर हात जोडून सांगते, ठेवू नका.

पावसाचं पाणी किती मिळतं? पडवीचा पत्रा आठ फूट बाय बारा, म्हणजे जवळपास नऊ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. वीसेक मिलिमीटर पडला की ड्रम जवळजवळ भरला, आणि जुलैत आमच्याकडे तेवढा पाऊस तासाभरातही पडतो. पन्हाळीचं तोंड ड्रमकडे वळवायच्या आधी पहिल्या सरीचं पाणी वाहू द्यायचं, कारण पत्र्यावरची कावळ्या-कबुतरांची घाण त्यातूनच येते. पण हा ड्रम उन्हाळ्याची टंचाई भागवेल अशी आशा कुणी धरू नये. चार महिने तो ओसंडून वाहतो आणि गणपती-नवरात्रानंतर रिकामा. आम्हाला त्याचा खरा उपयोग झाला तो भर पावसात वीज जाऊन पंप बंद पडले आणि दोन दिवस नळाला पाणी आलं नाही तेव्हा. आता उन्हाळ्यात त्याच ड्रममध्ये कपडे खळबळलेलं दुसरं पाणी साठवते. ते मात्र एका दिवसात वापरून संपवायचं, दुसऱ्या दिवशी घाण वास मारतं.

डासांचं तर वेगळंच सांगायला हवं. ऑगस्टमध्ये आरोग्य सेविका आल्या, बॅटरी मारून ड्रममध्ये पाहिलं आणि मला बोलावून दाखवलं. वळवळणाऱ्या अळ्या! झाकण घट्ट होतं, पण वरच्या ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नव्हती. डेंग्यूचा डास सहसा स्वच्छ साठलेल्या पाण्यापाशी अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्या ताईंनी सांगितलेली एक गोष्ट मला माहीत नव्हती. पाणी ओतून दिलं की काम झालं असं नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की उघडतात. तेव्हापासून दर रविवारी आमचा कोरडा दिवस. ड्रम रिकामा करून काथ्याने आतली भिंत खसाखसा घासायची, उन्हात पालथा घालायचा. लांब दांड्याचा ब्रश मिळाला तर उत्तम, नाहीतर माझ्यासारखं अर्ध्या ड्रममध्ये वाकावं लागतं. ओव्हरफ्लोला नायलॉनची जाळी आणि वर रबर, एवढ्याने नंतर एकदाही अळी दिसली नाही.

दुसरा ड्रम नवा, पूर्ण उघड्या तोंडाचा, झाकणाभोवती लोखंडी रिंग आवळायची. हा माझा सगळ्यात लाडका. यात गहू आहे. २०० लिटरच्या ड्रममध्ये लोकवन दीडशे किलोच्या आसपास मावतो. माझ्या ऑर्डरींना तो चार-साडेचार महिने पुरतो. पूर्वी पोती पलंगाखाली असायची, पावसात ओल धरायची आणि श्रावणापर्यंत सोंडे व्हायचे. गेल्या मे महिन्यात गहू चाळून, निवडून दोन दिवस कडक उन्हात वाळवला. सासूबाईंचा एक आग्रह मी आधी समजून घेतला नव्हता: ऊन खाल्लेला गहू त्याच संध्याकाळी भरायचा नाही. रात्रभर चादरीवर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम भरला तर बंद ड्रमला आतून घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. मध्ये मध्ये सुकलेला कडुनिंबाचा पाला, आणि बस्स. तो गहू ऑक्टोबर लागेपर्यंत पुरला. शेवटच्या पायलीपर्यंत एकही सोंडा निघाला नाही, म्हणून दिवाळीआधी पुन्हा तसाच भरला. धान्यात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण घरातही वापरतात. त्यातून निघणारा वायू जीव घेतो. दोन खोल्यांच्या घरात, जिथे ड्रमशेजारीच गादी पडते, तिथे त्या आणूच नयेत.

ड्रमची उंची तीन फूट, म्हणजे माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा जेमतेम दोन-तीन बोटं उंच. सुताराकडून दोन फुटांचा प्लायचा गोल कापून घेतला, वर सनमायका लावला. स्वयंपाकघरात ओटा साडेतीन फूट लांबीचा, त्यातला निम्मा शेगडीने खाल्लेला. आता शेगडीजवळ भाजायचं आणि ड्रमवर पोळपाट ठेवून लाटायचं, अशा दोन जागा झाल्या. गहू भरलेला असल्यामुळे ड्रम जराही हलत नाही. पंधरा दिवसांचा गहू एकदम काढून डब्यात ठेवते, म्हणजे रोज झाकण उघडायला नको. अडचण एकच आहे. गहू निम्म्याच्या खाली गेला की हात पोचत नाही. मी पत्र्याचं जुनं माप बांबूच्या काठीला तारेने बांधलंय. रिकामा होत आला की तो हलका होतो आणि लाटताना सरकतो; मग तळाला पाण्याने भरलेले दोन बंद कॅन ठेवते. आणि रिंग नेहमी आवळलेली. रिकाम्या ड्रममध्ये लपायला पोरांना फार आवडतं.

तिसरा नवा ड्रम आम्ही मधोमध आडवा कापला. हॅक्सॉने हात भरून आले, पण झाला. कापलेली कड सुरीसारखी लागते, म्हणून बागेच्या पाइपचा तुकडा उभा चिरून कडेवर चढवला. ही युक्ती कुणीही करावी अशी आहे. एका अर्ध्यात गेल्या भाद्रपदात आमच्या गणपतीचं विसर्जन झालं. मूर्ती शाडूची, फूटभर उंचीची. कुठला ड्रम यावर घरात बराच वेळ बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, देवाला कोरं भांडंच पाहिजे,” आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच हा ड्रम नवा घेतला होता. पडवीत रांगोळी घालून त्यात पाणी भरलं, आरती झाली, मुलाने स्वतःच्या हातांनी मूर्ती सोडली. खाडीवर गर्दीत त्याला कधी जवळ जायला मिळालं नव्हतं. सकाळपर्यंत मूर्ती विरघळून तळाशी शाडू बसला होता. वरचं पाणी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घातलं, माती वाळवून मूर्तिकाराकडे परत दिली. शाडूच हवा हे लक्षात ठेवा. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नुसत्या पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत काढली आहे. एरवी वर्षभर हा अर्धा ड्रम गोधड्या तुडवून धुवायला वापरतो. बादलीत न मावणारी गोधडी त्यात नीट भिजते.

दुसऱ्या अर्ध्यात ओल्या कचऱ्याचं खत. तळाला भोकं, खाली विटा, एक थर कचरा आणि एक थर सुका पाला. जुलैत पाऊस आत गेला आणि चार दिवस शेजाऱ्यांना वासाचा त्रास झाला, त्यांची माफी मागितली. पत्र्याखाली सरकवल्यावर सुरळीत चाललंय.

जे जमलं नाही तेही सांगते. उभ्या ड्रमला बाजूने खाचा पाडून त्यात पालेभाजी लावतात, ते फोटो पाहून आम्हीही शेजारच्यांच्या ड्रमवर करून पाहिलं. माती वरून ओली आणि मधल्या खाचांमध्ये कोरडी राहते, वजन इतकं होतं की ऊन बदललं तरी ड्रम फिरवता येत नाही. चार जुड्या मेथी निघाली. आमच्यासारख्या जागेत तेवढ्या कोपऱ्यात तीन साध्या कुंड्या जास्त देतात. ड्रमची खुर्ची, ड्रमचा सोफा वगैरेही आमच्या घरासाठी नाही. जागा अडते आणि आत काही ठेवलं तर काढायला सगळं घर हलवावं लागतं.

अकरा महिन्यांत दिसलेली झीज अशी: पडवीतल्या लाल पट्ट्याच्या ड्रमचा उन्हाकडचा भाग फिका पडलाय, बोटाने दाबलं तर अजून मजबूत लागतो. प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह जानेवारीत कडक झाला आणि फिरवताना दांडी तुटली, आता पितळी बसवलाय. निळ्या प्लॅस्टिकमधून थोडा उजेड आत जातो, त्यामुळे पाणी तीन-चार दिवस राहिलं की भिंतीला हिरवी शेवाळ धरते. त्यावर जुन्या काळ्या ताडपत्रीचं वेष्टण शिवलं, ऊन आणि शेवाळ दोन्हींना आळा बसला. गव्हाच्या ड्रमची रिंग गंजली होती, तिला घासून रंग दिला.

या आठवड्यात वाळवणाला गच्ची मिळाली आहे. शेजारच्या काकूंनीही यंदा उघड्या तोंडाचा नवा ड्रम घेतलाय आणि त्यांचा गहू माझ्या गव्हाशेजारीच पसरलाय. उद्या संध्याकाळी गोळा करू, परवा सकाळी गार झाला की दोन्ही ड्रम भरू.