मार्थसमोर फॉक्स घ्यावा की फाल्को?

२००१ च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या मारामारीच्या व्हिडिओ गेममधले हे तीन लढवय्ये. मार्थची तलवार लांब, आणि टोकाचा घाव सगळ्यात जबर. म्हणून खरा प्रश्न त्या टोकाच्या आत, मार्थजवळ शिरण्याचा.

फाल्कोचं लेझर मार्थला क्षणभर थिजवतं. छोट्या उडीत, जमिनीलगत सोडा आणि लगेच मागोमाग घुसा; उंच सुटलं तर डोक्यावरून जातं आणि तुम्ही उघडे पडता. फॉक्सचं लेझर नुसतं डॅमेज देतं, त्याची सारी मदार वेगावर. उडी घेताना जमीन सोडायला त्याला ३ फ्रेम (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) लागतात, फाल्कोला ५. शाइन, म्हणजे अंगाभोवती चमकून जवळच्याला फटका देणारी चाल, दोघांचं पहिल्याच फ्रेमला लागतं, पण फाल्कोचं वर उडवतं, त्यामुळे कॉम्बो (सलग फटके) सोपा.

स्टेजबाहेर, म्हणजे लढायच्या मंचाबाहेर फेकलं गेल्यावर, मात्र फाल्कोचे हाल! त्याचं अप-बी (वर झेपावून स्टेजवर परतायची चाल) फॉक्सपेक्षा बरंच तोकडं. फॉक्स घ्या वा फाल्को, फायनल डेस्टिनेशन हे स्टेज सामन्याआधीच बाद करावं: प्लॅटफॉर्म नाहीत, मार्थ पकडून पकडून वर फेकत राहतो. लेझरवर हात बसला असेल, तर फाल्कोच घ्या.