बॉइन खोऱ्यातली सायकल फेरी: चारही ऋतूंत वापरून पाहिल्यावर

मार्ग असा: ड्रॉहेडा, ओल्डब्रिज, डोनोर, स्लेन, न्यूग्रेंज, डाउथ आणि परत ड्रॉहेडा. अंतर साधारण 30 किलोमीटर. आयर्लंडमधल्या नवशिक्या सायकलवाल्यांना ही फेरी ‘सोपी’ म्हणून सुचवली जाते. गेल्या हिवाळ्यापासून नियमित करतोय, म्हणून सांगतो: पायांना सोपीच आहे. बाकी तिचा स्वभाव महिन्यागणिक बदलतो.

डब्लिनहून येणार असाल तर सायकल कम्यूटर गाडीत घाला. गर्दीची वेळ टाळली की सायकलचं वेगळं तिकीट पडत नाही. ड्रॉहेडाहून ओल्डब्रिजपर्यंत बॉइन नदीच्या काठाने ग्रीनवे, म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठीची वाट आहे, वर एम-1 हायवेचा तारांनी तोललेला पूल. मध्ये लाकडी फळ्यांचा मार्ग लागतो. पावसानंतर त्यावर चाक सरकतं, तिथे ब्रेक जपून दाबा. ओल्डब्रिजला राजा विल्यम आणि राजा जेम्स यांच्यातल्या 1690 सालच्या बॉइनच्या लढाईचं मैदान आहे. आता तिथे लोक कुत्री फिरवतात.

दिशा महत्त्वाची. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून जाताना दक्षिण काठाने पश्चिमेला जायचं आणि ताजेपणी वारा तोंडावर घ्यायचा. परतीला उत्तर काठाने तोच वारा पाठीशी येतो. यात तोटा एकच: डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात मोक्याची वळणं उजवीकडे पडतात, म्हणजे समोरची वाहतूक कापावी लागते. तरीही मी वाऱ्याच्याच बाजूने कौल देईन.

डोनोरनंतर रॉसनारीकडे जाणारा रस्ता अरुंद आणि शांत. नदीपलीकडे न्यूग्रेंजची पांढरी गारगोटीची भिंत चमकताना दिसते. ही कबर पाच हजार वर्षांपूर्वीची, पण तो दर्शनी भाग गेल्या शतकातल्या उत्खननानंतर नव्याने रचलेला आहे, आणि त्यावरून पुरातत्त्ववाल्यांचं अजून एकमत नाही. मला तो जरा जास्तच टापटीप वाटतो. आत जायचं असेल तर सायकल थेट दाराशी नेऊन चालत नाही. तिकीट आणि बस दोन्ही दक्षिण काठावरच्या अभ्यागत केंद्रातूनच, आणि आगाऊ बुकिंग केलेलं बरं.

आता स्लेन. ‘सोपी’ हा शब्द इथे खोटा पडतो. शांत रस्ता संपून एन-2 हा वर्दळीचा राष्ट्रीय मार्ग लागतो, त्यावरून पुलाकडे तीव्र उतार, पूल अरुंद, आणि पलीकडे गावात शिरताना तेवढाच चढ. इथे बरीच माणसं अपघातात गेली आहेत. पाठीमागे ट्रक असताना त्या उतारावर मला कधीच मजा आलेली नाही. गाड्यांची रांग असेल तर बेलाशक उतरा आणि सायकल हातात धरून चाला. वर चौकात चार कोपऱ्यांवर समोरासमोर चार सारखीच जुनी दगडी घरं आहेत, तिथे दम खा. चहा मिळतो, पण डब्यात दशम्या असतील तर त्या संपवायला हीच जागा. पुढे एन-51 वर थोडं अंतर काढून उजवीकडे वळलात की सुटलात.

न्यूग्रेंज ते डाउथ हा तुकडा म्हणजे या फेरीचा जीव. दोन्हीकडे कुंपणाची झाडी, समोरून एखादा ट्रॅक्टर, आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करणारा शेतकरी. आपणही मान हलवायची. गावाकडच्या अशा रस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी 2025 पासून ताशी 80 किलोमीटरवरून 60 वर आली. सगळे पाळतात असं नाही, पण फरक जाणवतो. डाउथ हीसुद्धा न्यूग्रेंजसारखी पुरातन कबर, तिच्या टेकाडाच्या डोक्यावर मोठा खळगा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ‘संशोधकांनी’ वरूनच उकरलं होतं!

मे महिन्यात हीच झाडी हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या फुलांनी पांढरी होते. पण इथल्या कायद्याने 1 मार्च ते 31 ऑगस्ट ती छाटता येत नाही, पक्ष्यांची घरटी असतात. त्यामुळे सप्टेंबर उजाडला की सगळीकडे ट्रॅक्टरला लावलेली छाटणीयंत्रं फिरतात आणि काटे रस्त्यावर पसरतात. हे काटे बारीक असतात. टोक टायरमध्ये मोडून राहतं, बाहेरून दिसत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा, नाहीतर पाच मिनिटांत तीही बसते. शरद ऋतूपासून मी दोन ट्यूब आणि 32 मिलिमीटरचे जाड टायर वापरतो. बारीक टायर उन्हाळ्यापुरते ठीक.

उन्हाळ्यात वेगळी तऱ्हा: सायलेजच्या, म्हणजे गुरांसाठी गवत कापून मुरवायच्या दिवसांत भरधाव ट्रॉल्या, आणि डांबरावर नुकती अंथरलेली सुटी खडी. जानेवारीच्या मध्यावर शेतात स्लरी, म्हणजे पातळ शेणखत टाकायची बंदी उठते. मग दोन आठवडे वास आणि मडगार्ड नसेल तर पाठीवर नक्षी. डिसेंबरमध्ये सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा दिवे न्यायलाच हवेत. 21 डिसेंबरच्या आसपास उगवत्या सूर्याचे किरण न्यूग्रेंजच्या कबरीत आतपर्यंत शिरतात, म्हणून तिथे सूर्योदयाला गर्दी होते, तो आठवडा मी सोडून देतो.

मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर स्लेन गाळा. ओल्डब्रिजजवळच्या जुन्या लोखंडी पुलावरून पलीकडे जा, मुख्य रस्त्याचा छोटा तुकडा सांभाळून काढा, डाउथ आणि न्यूग्रेंज बघा आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. चढ थोडेच आहेत, आणि एन-2 चं तोंडही बघावं लागत नाही.