अलार्मवालं डिस्क लॉक: चौदा महिने वापरलं, शेवटी ग्राइंडरने कापलं

घ्यावं की नाही एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. किनारपट्टीवर राहत असाल आणि गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर स्वस्तातलं अलार्मवालं डिस्क लॉक, म्हणजे ब्रेकच्या डिस्कमधल्या भोकात खिळा अडकवून चाक फिरू न देणारं कुलूप, घेऊ नका. घाटावर, डोक्यावर छप्पर असलेल्या पार्किंगमध्ये खुशाल घ्या. बाकीच्यांनी पुढे वाचा. हे कुलूप अडकल्यावर काढायला माझी अख्खी सकाळ गेली, आणि निम्मा दोष माझाच निघाला.

मी रत्नागिरीत राहतो, मांडवीच्या बाजूला. वरच्या मजल्यावर भाड्याने, खाली अंगणात गाडी. समुद्र घरातून दिसत नाही, पण रात्री ऐकू येतो, आणि खिडकीच्या गजांवर दर वर्षी नवा गंज दिसतो. गाडी होंडा युनिकॉर्न, पुढे डिस्क, मागे ड्रम. शाळा पालीच्या पुढे, म्हणजे रोजचं जाणं-येणं हातखंब्यावरून. २०२३च्या दिवाळीच्या आसपास आमच्या आळीतून एक स्कूटर गेली, हँडल लॉक मोडून. आठवड्याच्या आत आळीतल्या निम्म्या घरांनी काही ना काही मागवलं. कुणी साखळी, कुणी कॅमेरा, मी डिस्क लॉक.

पहिलं मागवलं ते परत केलं. त्याचा खिळा १० मिलिमीटरचा होता, माझ्या डिस्कच्या भोकात तो गेलाच नाही. हे आधी मोजून घ्या. ड्रिलचे बिट घरात असतील तर तेच भोकात घालून बघा, फुटपट्टीपेक्षा बरं समजतं. दुसरं आलं ते ६ मिलिमीटर खिळ्याचं, ११० डेसिबलचा अलार्म, सहा एलआर४४ बटन सेल, दोन कॉम्प्युटर चाव्या (दातांऐवजी खड्डे असलेल्या), १,१५० रुपये. चकचकीत क्रोम, हातात जड. जड म्हणजे मजबूत असं मला तेव्हा वाटायचं.

पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. कुलूप लावलं की एक टीं वाजायचं, गाडीला कुणी हात लावला की छोटा इशारा, हलवत राहिलं की आळी जागी होईल असा आवाज. मांजर सीटवर चढलं तरी ओरडायचं, ते पहिल्या आठवड्यातच मांजराला कळलं. एक अपघात मात्र झाला, तोही नवीन माणसाला होतोच तसला. सकाळी घाईत कुलूप न काढता गाडी पुढे घेतली. चाक अर्धं फिरलं, कुलूप कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागावर, आपटलं आणि मी गाडीसकट अंगणात आडवा. जवळपास उभ्या गाडीवरून पडायला काय कसब लागतं ते मला विचारा. डब्यात हँडलला बांधायची नारिंगी पिळाची वायर येते, ती मी खेळणं समजून फेकली होती. ती बांधा. आणि कुलूप कॅलिपरला चिकटून लावा, म्हणजे चाकाला फिरायला जागाच राहत नाही. चावीचं भोक शक्यतो खाली तोंड करून ठेवा, वर तोंड ठेवलं तर ती पावसाची वाटीच होते.

मग जून आला. ज्यांना इथला पाऊस माहीत नाही त्यांच्यासाठी, रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, आणि ते सरळ वरून पडत नाही, आडवंही येतं. खरेदीच्या पानावर कुणा सोलापूरकराने ‘पावसातही उत्तम’ म्हणून पाच तारे दिले होते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पावसाबद्दल आहे.

आधी अलार्म बिघडला. सेलच्या झाकणाला रबराची रिंग होती, पण आवाज बाहेर पडायला जी बारीक भोकं ठेवलेली असतात त्यांना कसली रिंग? पाणी तिथून शिरलं. रात्री दोनला आपोआप ओरडायला लागलं. खालच्या काकूंनी सकाळी एवढंच विचारलं, ‘काय रे, रात्री चोर आला होता की तूच?’ सेल काढून, पुसून, तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवून पुन्हा चालू केलं. जुलैत परत तेच.

ऑगस्टमध्ये चावी जड फिरायला लागली. इथे मी पहिली चूक केली. हाताशी खोबरेल होतं. आमच्याकडे दाराच्या कडीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला खोबरेलच लागतं. चार थेंब सोडले, चावी लोण्यासारखी फिरली, मी खूश. दर पंधरा दिवसांनी दोन-दोन थेंब. दुसरी चूक त्याआधीपासूनच चालू होती. गाडी चालवताना कुलूप मी पुढच्या क्रॅश गार्डला लावलेल्या पिशवीत ठेवायचो. हातखंब्याच्या रस्त्यावर चौपदरीकरणाचा चिखल, म्हणजे जांभ्याची लाल माती, मैद्यासारखी बारीक. चाकाने उडवलेलं सगळं त्या पिशवीत. तेल आणि माती एकत्र मळली की काय होतं हे सांगायला शाळेतला विज्ञानाचा मास्तर लागत नाही. दुर्दैवाने मी तोच आहे.

जानेवारी २०२५, शाळेचा दिवस, सकाळी साडेसहा. हवेत आमच्या मानाने बरीच थंडी. चावी आत गेली, किंचित फिरली आणि थांबली. मागे येईना, पुढे जाईना. मी पक्कड लावली. करू नका. चावीला पीळ पडलेला डोळ्यांनी दिसला तेव्हा हात थांबवला. अजून पाव वळण दिलं असतं तर अर्धी चावी आत राहिली असती आणि पुढचं सगळं दुप्पट कठीण झालं असतं. हलवत हलवत ती कशीबशी बाहेर काढली.

मग जे करत गेलो ते क्रमाने सांगतो, कारण त्यातलं काही खरंच उपयोगी पडलं.

दुसरी चावी काढली. ही चौदा महिने कपाटात पडून होती, त्यामुळे तिचे खड्डे झिजलेले नव्हते. पहिलीपेक्षा ती नीट बसली. फिरली नाही, पण बसली. कुलूप कधीही अडकलं तर आधी ही कोरी चावी शोधा.

मग शेजारच्या दादांनी गंज सोडवायचा स्प्रे आणला, डब्ल्यूडी-४०. यातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग जमला म्हणून. १९५३ सालची गोष्ट. ही गंमत मला माहीत होती. डिस्कच्या दोन बोटांवर असलेल्या कुलपात स्प्रे मारताना मागे फडकं धरायचं असतं, हे मात्र सुचलं नाही. नळी न लावता मारला. अर्धा कुलपात, अर्धा डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर. त्याची किंमत नंतर मोजली.

दहा मिनिटं थांबून, लाकडाच्या तुकड्याने कुलपावर हलके ठोके देत चावी फिरवून पाहिली. नाही. आत न्हाणीघरात तोंड धुवायला गेलो आणि खोबरेलची बाटली दिसली. गोठलेली, पांढरी. चोवीस अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, दर डिसेंबरात मी वर्गात हेच उदाहरण देतो. बाटलीत थिजतं ते कुलपात पातळ राहील होय? काकूंकडून चहाच्या पातेल्यात उकळतं पाणी आणलं, कुलपावर बारीक धारेने सोडलं. खालून विटकरी रंगाचा तेलकट चिखल गळायला लागला. तिसऱ्या पातेल्याला चावी पूर्ण फिरली. मी ओरडलोच.

पण खिळा बाहेर येईना. चावी फिरली की खिळा स्प्रिंगने उडी मारून मागे यायला हवा. तो तांदळाच्या दाण्याएवढा सरकला आणि अडकला. आत गंजाने धरला होता. पुन्हा स्प्रे, पुन्हा ठोके, पुन्हा पाणी. साडेनऊ वाजले. शाळेत फोन करून रजा सांगितली, कारण सांगितल्यावर मुख्याध्यापक हसले, ते मी मनावर घेतलं नाही.

शेवटी मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या मेस्त्रींना बोलावलं. ते आले, गाडीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न, ‘सर, आरसी दाखवा.’ मी मोबाईलवर डिजिलॉकरमधली दाखवली. त्यांनी नंबर प्लेटशी ताडून पाहिली, शिवाय काकूंनाही विचारलं, ‘गाडी ह्यांचीच ना?’ क्षणभर राग आला, मग बरं वाटलं. जो न विचारता कुलूप कापतो त्याला पुन्हा बोलावू नये.

त्यांनी चावी एकदा फिरवून पाहिली, बोटाला लागलेलं हुंगलं. ‘खोबरेल?’

‘हो.’

‘तरी म्हटलं, वास लाडवांचा कसा येतोय.’

कापायच्या आधी त्यांनी जेवढा वेळ तयारीत घालवला तेवढा कापण्यात गेला नाही. टायरवर आणि पेट्रोलच्या टाकीवर ओलं गोणपाट. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, चकचकीत नळीला ओलं फडकं गुंडाळलं, कारण ठिणगी क्रोमवर चिकटली तर पुढे ऑइल सील फाटतं. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर बाजूला घेऊन बांधली. कुलूप आणि डिस्क यांच्या फटीत पत्र्याचा तुकडा सरकवला. मग डोळ्यांवर चष्मा, ‘मागे व्हा’, आणि चार इंची ग्राइंडर.

इथे एक बघण्यासारखी गोष्ट झाली. पहिला मिनिटभर एकही ठिणगी नाही, नुसती राखाडी भुकटी. मला वाटलं ग्राइंडरचं चाक बोथट आहे. मेस्त्री म्हणाले, ‘हे लोखंड नव्हेच सर, जस्त आहे. जस्ताला ठिणगी नाय.’ म्हणजे जे जडपण मी मजबुती समजत होतो ते जस्ताचं ओतकाम, वर क्रोमचा मुलामा. मग एकदम नारिंगी फुलबाजी उडाली तसा त्यांचा हात सावकाश झाला. आत पोलादाचा खिळा लागला होता. डोळ्यांपेक्षा ठिणग्यांवरून त्यांना कळत होतं चाक कुठवर पोचलंय ते.

आणि अलार्म? नव्वद वेळा विनाकारण ओरडलेला अलार्म या वेळी सकारण ओरडत होता. ११० डेसिबल, वर ग्राइंडरचा आवाज, भर सकाळी, भर आळीत. किती लोक बघायला आले? काकू सोडून एकही नाही. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली.

सगळं मिळून दहा मिनिटं. मेस्त्रींनी ३०० रुपये घेतले. डिस्कवर ओरखडा नाही. गाडी चालू करून जरा पुढे घेतल्यावर एबीएसचा दिवा विझला तेव्हा जिवात जीव आला. ब्रेक मात्र लागेना, लिव्हर दाबला की डिस्क नुसती घसरायची. ब्रेक क्लीनरने डिस्क पुसली, ती साफ झाली, पण पॅड तेल प्यायलेले होते. ते बदलावे लागले, हातमजुरीसकट ४५० रुपये. तो स्प्रे नळी लावून, फडकं धरून मारला असता तर हे वाचले असते. तुम्ही मारलाच तर ब्रेक तपासल्याशिवाय आळीबाहेर जाऊ नका.

कापलेले दोन तुकडे संध्याकाळी टेबलावर ठेवून पाहिले. बाहेरच्या ओतकामावर क्रोम सुटलेलं आणि खाली पांढरी पूड, म्हणजे जस्ताचा गंज. खिळ्यावर तांबडा थर. चावी ज्यात फिरते त्या पितळेच्या नळकांड्यावर हिरवट. आणि या सगळ्यांच्या मधे भरलेली विटकरी लापशी. तीन धातू, तीन रंगांचे गंज, एका मुठीत मावणाऱ्या वस्तूत. नववीच्या वर्गात नेऊन दाखवले, धातूंच्या क्षरणावरचा त्या वर्षातला सगळ्यात चांगला तास झाला.

आता जे वापरतोय त्याबद्दल थोडंसं. त्या जानेवारीपासून बिनअलार्मचं साधं डिस्क लॉक आहे, ७ मिलिमीटरचा खिळा, चावीच्या भोकाला रबराची टोपी. किंमत जवळपास तेवढीच. एक अख्खा पावसाळा काढला, अजून चावी एका बोटाने फिरते. गाडीवर असताना ते सीटच्या बाजूच्या डब्यात असतं, क्रॅश गार्डला नाही. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुतो, वाळवतो, टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे एकदा मारतो, आणि तो मारताना कुलूप हातात असतं, डिस्कवर नव्हे. काहीजण शिसपेन्सिलीची पूड घालायला सांगतात. कोरड्या जागी ती चांगली, पण आधी तेल घातलेलं असेल तर चुकूनही नको, पुन्हा लापशीच होईल.

जुन्याला पाचपैकी दोन तारे देतो. एक पहिल्या सहा महिन्यांचा. दुसरा अलार्मचा, कारण तो कापल्यावरही चालूच राहिला. आवाजाचा अर्धा भाग शाबूत होता, तो काकूंनी मागून नेला आणि मागच्या पपईला बांधला, वांदरं हाकलायला. फांदी हलली की ओरडायचा. चार दिवस वांदरं फिरकली नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी एक बाप्या वांदर पपई खात बसला होता आणि त्याच्या मांडीखाली अलार्म बोंबलत होता.