बावीस इंची बुलेट स्मोकर, आठ महिन्यांनंतर: झाकणावरचा काटा

मे महिन्यात लेकाच्या पहिल्या कम्युनियनला (चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीला) चाळीस माणसं जेवायला बोलावली होती. जेवण एकचं, आणि या स्मोकरवरून (कोळशाच्या धुरावर मटण शिजवायचं उभं पिंप) मटण उतरलं संध्याकाळी पाचला. आईने ऐनवेळी अंड्यांचा रस्सा टाकला म्हणून निभावलं. तो दिवस अजून मनातून जात नाही.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो. इथे कार्याला पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचं मटण, धुरावर शिजवून कापसासारखं पिंजतात आणि वर व्हिनेगर-मिरचीचं पातळ सॉस घालतात. मी वसईचा, त्यामुळे व्हिनेगरातलं डुकराचं मटण जिभेच्या ओळखीचं. पण घरी तुकडे दोन बोटांएवढे असायचे. आठ पौंडांचा, म्हणजे साडेतीन किलोच्या वरचा अख्खा गोळा हे प्रकरण वेगळं.

असे चार गोळे शनिवारी रात्री अकराला चढवले. झाकणावरचा तापमानाचा काटा २२५ फॅरनहाइटवर (१०७ सेल्सियस). पौंडाला दीड तास धरून बारा तास. चार आहेत म्हणून बत्तीस पौंडांचा हिशोब करायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. प्रत्येक गोळ्यात उष्णता त्याच्या त्याच्या बाहेरून आत शिरते, त्यामुळे वेळ ठरतो सर्वांत जाड गोळ्यावरून. तरीही सकाळी अकराला आतलं तापमान जेमतेम १६०. हवं होतं २००च्या आसपास, तेव्हाच कोलॅजन (मटणातले चिवट धागे) विरघळून हाड हाताने सुटतं.

१५० ते १७०च्या दरम्यान मटण अडतं, ते अपेक्षितच. माठातलं पाणी जसं पाझरून गार होतं, तसंच बाष्पीभवन मटणाला थंड ठेवतं. पण सहा तासांचा उशीर नुसत्या त्याने झाला असेल असं वाटेना.

काटाच बिघडलाय असं धरून कंपनीला तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा नवा काटा पाठवला, तोही तेच दाखवायचा. मी दोन्ही काटे उकळत्या पाण्यात धरले. दोन्ही बरोबर २१२ (१०० सेल्सियस)! इथे माझं मत बदललं. काटा चांगला आहे, त्याची जागा चुकीची आहे. गरम हवा वर झाकणाशी साचते, आणि खाली जाळीवर फ्रिजमधून काढलेलं बत्तीस पौंड थंड मटण. अठरा डॉलरचा दोन तारांचा थर्मामीटर आणून एक तार जाळीवर, मटणापासून दोन इंच लांब लावली. वर २२५, जाळीवर १९०. पहिले तीन-चार तास हा फरक राहतो, नंतर कमी होत जातो. एकच गोळा ठेवला तर फरक इतका जाणवत नाही, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मला काही कळलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये जाळीवर २५० धरून पुन्हा केलं. दोन गोळ्यांना अकरा तास लागले, पुढच्या आठवड्यात चार गोळ्यांना बारा. वाढलेला तास सुरुवातीला तापमान सावरण्यात गेला, आणि कोळसा जवळजवळ दीडपट लागला. गोळ्यांमध्ये दोन इंच मोकळे ठेवा. चिकटले की दोनाचा एक जाड गोळा होतो आणि सगळा हिशोब बिघडतो. खालच्या जाळीवरचे मागे राहतात, म्हणून लहान गोळे खाली. सहा पौंडांचा एक तीन तास आधी झाला, तो फॉइल आणि जुन्या टॉवेलांत गुंडाळून बर्फाच्या रिकाम्या पेटीत ठेवला. वाढताना १५५ होता, १४०च्या खाली जाऊ द्यायचा नाही. आता मी जेवणाच्या तीन तास आधी तयार होईल अशी वेळ धरूनच चढवतो.

बाकी स्मोकर उत्तम आहे. पत्रा जाड, आच रात्रभर टिकते, हिकरीच्या लाकडाचा धूर गोड लागतो. पण इतक्या किमतीच्या वस्तूला जाळीच्या उंचीवर तार आत घ्यायला एक भोक नसावं, याचा राग अजून आहे. इतके दिवस तार झाकणाखालून चेपली गेली, एक तुटलीसुद्धा. गेल्या रविवारी मीच ड्रिलने भोक पाडलं. वॉरंटी गेली असं फोनवरच्या बाईंनी सांगितलं. जाऊ दे, नाताळला सहा गोळे चढवायचे आहेत.