आईच्या ऑक्सिजनसाठी घेतलेला पेट्रोल जनरेटर: ११ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात धायरीला आमचं छोटं रो-हाउस आहे. आईला सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे आणि दिवसाचे पंधरा-सोळा तास ती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्रावर, असते. घरात इन्व्हर्टर होता, शेवटचा आधार म्हणून भरलेला सिलिंडरही होता, त्यामुळे जनरेटरचा विचार कधी केला नव्हता. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. आमच्यापर्यंत पाणी आलं नाही, पण वीज गेली ती रात्रीपर्यंत. कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट खातो. चार तासांत इन्व्हर्टर बसला आणि उरलेला दिवस मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत काढला. गणपती झाले आणि त्याच महिन्यात मी २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. १९६ सीसीच्या आसपासचं, हवेने थंड होणारं, चार स्ट्रोकचं, दोरी ओढून चालू करायचं इंजिन बऱ्याच कंपन्यांच्या मशीनवर जवळपास सारखंच असतं. तेच पाण्याच्या पंपावर दिसतं, तेच शेतातलं तण काढायच्या पॉवर वीडरवर. त्यामुळे खालचा अनुभव तुमच्याकडच्या मशीनलाही बहुतेक लागू पडेल. आजवर ५८ तास चालवलाय. जनरेटरच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे, तिच्यात प्रत्येक वेळी तारीख, किती वेळ चालला आणि किती पेट्रोल घातलं हे लिहिते. लोड असताना तासाला साधारण एक लिटर पेट्रोल लागतं.

सगळ्यात आधी जागेबद्दल लिहिते, कारण मी पहिली चूक तिथेच करणार होते. दुकानदार म्हणाला, "ताई, मागच्या पॅसेजमध्ये ठेवा, पावसापासून सुरक्षित." आमचा पॅसेज तिन्ही बाजूंनी बंद आहे आणि आईच्या खोलीची खिडकी तिथेच उघडते. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि झोपेत असलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही. कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढून घेतो. ज्या श्वासासाठी एवढा खर्च केला, त्याच श्वासात मी धूर सोडला असता.

घरी रुग्ण असलेल्या प्रत्येकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, म्हणून माणूस गुदमरत असतानाही आकडा ९७-९८ दाखवू शकतो. आईचा आकडा चांगला आहे म्हणजे हवा चांगली आहे असं मी धरून चालले होते. डॉक्टरांनी हे समजावलं त्याच दिवशी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला आणि आईच्या पलंगाच्या उंचीवर भिंतीला लावला. दर महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबून बघते.

आता जनरेटर पुढच्या अंगणात, कुंपणाच्या कोपऱ्यात, घराच्या कुठल्याही दारा-खिडकीपासून वीस फुटांहून लांब असतो. सायलेन्सरचं तोंड रस्त्याकडे. वर चार पायांवर पत्रा टाकला आहे, चारही बाजू उघड्या. पाऊस आडवा आला तरी ताडपत्रीने गुंडाळायचा नाही, कारण इंजिनाला थंड व्हायला हवा लागते आणि तापलेल्या सायलेन्सरला ताडपत्री चिकटली तर पेट घेते. बाल्कनी, जिना, पार्किंगचा बंद कोपरा, डक्ट या जागा तर विचारातच घेऊ नयेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी हे मशीन घ्या असं सांगणार नाही. त्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वाढवाव्यात.

ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात एका संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात धुराचा वास येत होता. वारा फिरला होता आणि मी फक्त माझ्या खिडक्या मोजल्या होत्या. तेव्हापासून चालू करण्याआधी अंगणात उभं राहून वारा कुठून येतोय ते बघते आणि काकूंना हाक मारून सांगते. त्या त्यांची खिडकी लावून घेतात.

घरात वीज कशी घ्यायची यावरून इलेक्ट्रिशियनशी माझा वाद झाला. त्याने दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर बनवून आणली होती. एक टोक जनरेटरला, दुसरं हॉलच्या सॉकेटमध्ये, आणि मेन स्विच बंद ठेवायचा. "सगळे असंच करतात," म्हणाला. एखाद्या दिवशी घाईत मेन बंद करायचा राहिला तर जनरेटरची वीज उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून चढून हजारो व्होल्टची होते, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात येते. शिवाय त्या वायरचं एक टोक निघालं की उघड्या पिनांमध्ये जिवंत वीज असते. ती वायर मी त्याच्यासमोर कापली. तपकीर गल्लीतून चेंजओव्हर स्विच आणला आणि दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो, महावितरण किंवा जनरेटर. चुकायला वावच नाही. जनरेटरच्या अर्थिंगसाठी अंगणात वेगळी सळईही पुरून घेतली. कॉन्सन्ट्रेटर या विजेवर चालवण्याआधी त्याच्या टेक्निशियनकडून व्होल्टेज तपासून घेतलं. तुम्हीही घ्या.

जनरेटरवर कॉन्सन्ट्रेटर, दोन पंखे, चार एलईडी आणि फ्रिज एवढंच चालतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो, म्हणून आधी फ्रिज लावते, तो स्थिरावला की बाकीचं. गिझर, इंडक्शन, इस्त्री बंद.

आता इंजिन. नवीन मशीन ऑइलशिवाय येतं, हे ज्यांना माहीत नसतं त्यांचं इंजिन पहिल्याच दिवशी जाम होऊ शकतं. माझ्या मशीनमध्ये ६०० मिली, १०डब्ल्यू-३० ऑइल बसतं. डिपस्टिक पुसून परत आत घालायची, पण आटे न फिरवता फक्त टेकवायची आणि मग पातळी बघायची. मशीन सपाट जागेवर हवं. आमच्या अंगणाला उतार आहे. पहिल्या आठवड्यात इंजिन दोनदा आपोआप बंद पडलं आणि मी दुकानदाराला फोन करून बोलले. दोष उताराचा होता. ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, त्याला तिरक्या मशीनमध्ये ऑइल कमी वाटलं. खाली शहाबादी फरशी सपाट बसवून घेतली, तेव्हापासून एकदाही बंद पडलं नाही. जास्त ऑइल घालणंही वाईट, ते एअर फिल्टरमध्ये चढतं आणि पांढरा धूर येतो.

पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं असतं. मी बदललं तेव्हा ते काळं होतं आणि उन्हात धरल्यावर त्यात बारीक चमक दिसत होती. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर बसताना झिजतात, ती ही धातूची कणी. तीच पुढे फिरत राहिली तर इंजिन आतून खात राहते. त्यानंतर १०० तास किंवा ६ महिने, जे आधी होईल ते. माझे तास कमी भरतात, म्हणून मी महिने धरते. जुनं ऑइल बाटलीत भरून गॅरेजला देते, गटारात ओतत नाही.

आणि आता जानेवारी. ऑक्टोबरनंतर वीज फारशी गेलीच नाही, जनरेटर तीन महिने उभा होता. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. जानेवारीतल्या एका गुरुवारी (गुरुवार म्हणजे देखभालीची वीजबंदी, पुण्यात हे सांगायला नको) सकाळी नऊला वीज गेली. मी दोरी ओढली. तीस-चाळीस वेळा ओढली. हात भरून आले, इंजिनाने दाद दिली नाही. इन्व्हर्टर आणि सिलिंडरवर तो दिवस निघाला. पण ज्या दिवसासाठी मशीन घेतलं होतं त्याच दिवशी ते उपयोगाला आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मेकॅनिकने कार्बोरेटरची (इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खालची वाटी माझ्यासमोर उघडली. तळाशी मधासारखा चिकट थर आणि कडेला पांढरट भुकटी. पेट्रोल जिथून वर जातं त्या मेन जेटचं बारीक भोक पूर्ण बुजलेलं. पेट्रोल उभं राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरतो तो डिंक होतो. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी पुरेसं साठलं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. कार्बोरेटरचा धातू तिथेच गंजतो. पुण्याच्या पावसाळी हवेत हे आणखी लवकर होतं. जेट कार्बोरेटर क्लीनरने आणि तांब्याच्या बारीक तारेने मोकळं केलं. स्टीलच्या पिनेने मुळीच टोचू नका, भोक मोठं झालं की पेट्रोल कायम जास्त जातं.

तेव्हापासून एक शिस्त घातली आहे. दर दुसऱ्या रविवारी वीस मिनिटं, लोड देऊन चालवते. शेवटी लोड काढून दोन-तीन मिनिटं रिकामा चालू देते, मग स्विचने बंद न करता पेट्रोलचा कॉक बंद करते. वाटीतलं पेट्रोल जळून संपतं आणि इंजिन आपोआप थांबतं. वाटी कोरडी राहते. टाकीत दोन लिटरच्या वर ठेवत नाही, आणि महिना झाला की ते काढून ॲक्टिव्हात घालून संपवते, जनरेटरला ताजं. फेब्रुवारीपासून आजपर्यंत दुसऱ्या ओढीच्या पुढे जावं लागलेलं नाही. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि एका रात्री जनरेटर सलग सहा तास लागला, तेव्हाही नाही.

दोरी ओढायचीही पद्धत आहे. कॉक उघडा, स्विच चालू, चोक (थंड इंजिन सुरू होताना हवा कमी करणारा खटका) ओढलेला. आधी हळू ओढायची, जिथे जड लागतं तिथे थांबायचं, आत जाऊ द्यायची, मग एका दमात ओढायची. हँडल हातातून सोडायचं नाही, हाताने परत न्यायचं. माझं वय ५४, खांदा थोडा दुखरा, तरी जमतं. गरम झालं की चोक परत आत, आणि दोन मिनिटांनी लोड.

पेट्रोल भरताना मी सगळ्यात जास्त हट्टी असते. चालू इंजिनात कधीच नाही, गरम इंजिनातही नाही. बंद करून पंधरा मिनिटं थांबते, तेवढा वेळ आई इन्व्हर्टरवर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीलाही पेटते. आमच्या घरात ऑक्सिजन आहे, त्यात आग लागली तर ती साध्या आगीपेक्षा भडकून पेटते. म्हणून पेट्रोल घरात येतच नाही. अंगणातल्या लोखंडी कपाटात पत्र्याचा पाच लिटरचा घट्ट झाकणाचा कॅन आहे. १९३४ चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवू देतो, पण काचेचं भांडं असेल तर एक लिटरपर्यंतचं आणि धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला त्यात जागा नाही. टाकी गळ्यापर्यंत भरत नाही, उन्हाने पेट्रोल फुगतं.

बाकी देखभाल फारशी नाही. फिल्टरचा स्पंज ५० तासांनी साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, थोड्या ऑइलमध्ये बुडवून पिळून बसवला. नाना पेठेतून एक जादा स्पार्क प्लग आणून ठेवलाय, फट ०.७ ते ०.८ मिमी.

तक्रारीही आहेत. ऑइल काढायचा बोल्ट फ्रेमच्या अगदी मागे आहे, ऑइल फ्रेमवर सांडतंच. पेट्रोलचा काटा अडकतो. थरथरीने सायलेन्सरच्या जाळीचे दोन बोल्ट सैल झाले होते, आता दर रविवारी पाना लावून बघते. वजन ४० किलोच्या वर, चाकं नाहीत. आवाज मोठा आहे, रात्री शेजाऱ्यांना त्रास होतो आणि ते सांभाळून घेतात याचं मला ओझं वाटतं. थोडे जास्त पैसे घालून इन्व्हर्टर प्रकारचा, बंद पेटीतला जनरेटर घ्यायला हवा होता. आज घ्यायचा असता तर तोच घेतला असता.

व्हॉल्व्हचं अंतर अजून तपासून घेतलेलं नाही, ते काम मेकॅनिककडेच दिलं पाहिजे. दिवाळीच्या आत करायचं म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. मधल्या काळात आईला आवाजावरून कळायला लागलंय. परवा लोड दिल्यावर ती खोलीतून म्हणाली, "आज जरा अडखळतोय गं." बघितलं तर फिल्टरमध्ये सुकलेल्या गवताचा भुसा बसला होता.